सभा गाजते, त्यानंतर काय?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की एक वाद हमखास रंगतो: उमेदवाराचे भारावून टाकणारे भाषण महत्त्वाचे, की त्याने आजवर केलेले काम? परळी वैजनाथला हा वाद परका नाही. या तालुक्याचे राजकारण सभेत वाढले, आणि चांगल्या वक्त्यावर इथल्या माणसाचा मनापासून जीव आहे.

गोपीनाथ मुंडे याच तालुक्यातल्या नाथ्रा गावचे. मागे ना साखरसम्राटांचे घराणे, ना शिक्षणसंस्थांचे जाळे. अशा माणसाला भाषणाशिवाय दार कोण उघडणार? म्हणून ‘नुसते बोलतात’ असे म्हणून वक्तृत्व झटकून टाकणे मला पटत नाही. पण दार उघडल्यावर हिशेब बदलतो.

1995 च्या निवडणुकीआधी मुंडे यांनी संघर्ष यात्रा काढली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही त्या प्रचारातली घोषणा घराघरात पोहोचली. सत्ता आली, मुंडे उपमुख्यमंत्री झाले. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या उपसमितीच्या अहवालानंतर ऑगस्ट 1995 मध्ये एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा करार रद्द झाला. शब्द पाळला गेला, असे तेव्हा वाटले. पण कंपनी लवादात गेली, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि 1996 च्या सुरुवातीला त्याच सरकारने सुधारित प्रकल्पाला मंजुरी दिली. 2015 मेगावॉटचा प्रकल्प 2184 मेगावॉटचा झाला. पुढे वीज मंडळाला तो दर झेपला नाही, आणि 2001 मध्ये दाभोळ बंद पडले. घोषणेत एकच क्रियापद होते, करारात मात्र दर, हमी आणि लवादाची कलमे होती. मतदाराने त्या कलमांबद्दल सभेतच विचारायला हवे होते, असे मला आजही वाटते.

नगर-बीड-परळी रेल्वेचेही तसेच. 261 किलोमीटरचा हा मार्ग, खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा-निम्मा उचलायचा. मंजुरी नव्वदच्या दशकातली. त्यानंतर क्वचितच एखादी निवडणूक या रेल्वेशिवाय झाली असेल. नगर-आष्टी गाडी धावली 2022 च्या सप्टेंबरात, आणि बीडला गाडी पोहोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी. मुंडे जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि परळीचा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता.

तरी नुसत्या कारकिर्दीवर भिस्त ठेवणेही धोक्याचे. जेम्स ब्युकॅनन हे खासदार, सिनेटर, परराष्ट्रमंत्री आणि ब्रिटनमधले राजदूत राहून अध्यक्ष झाले, आणि देश फुटू लागला तेव्हा त्यांच्या हातून काही झाले नाही. त्यांच्यानंतर आलेल्या लिंकन यांच्याकडे केंद्रीय प्रतिनिधिगृहाची जेमतेम एक मुदत होती. पण 1860 मध्ये न्यूयॉर्कला केलेल्या ज्या भाषणाने त्यांचे नाव झाले, त्यासाठी त्यांनी राज्यघटनेवर सही करणाऱ्या 39 जणांनी गुलामगिरीच्या प्रश्नावर कधी काय मत दिले, हे जुन्या कागदांतून शोधून काढले होते. भाषण करावे तर असे, ज्याच्या पोटात नोंदी असतात.

परळीचा मतदार हे ओळखत नाही असे नाही. 2019 मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या कन्या आणि पाच वर्षे मंत्री राहिलेल्या पंकजा मुंडे यांचा त्यांचे चुलतभाऊ धनंजय मुंडे यांनी सुमारे तीस हजार मतांनी पराभव केला. दोघेही सभा गाजवणारे. तेव्हा निकाल भाषणाने लागला, असे कुणाला म्हणता येणार नाही.

पंकजा मुंडे यांच्या दसरा मेळाव्यात समोर बसलेल्यांमध्ये ऊसतोड मजूर मोठ्या संख्येने असतात. सीमोल्लंघन झाले की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे कोयता, भांडी आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते आणि सहा महिने पाचटाच्या कोपीत काढते. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले. उसाच्या टनामागे कारखान्याचे 10 रुपये आणि तेवढीच सरकारची भर, अशी त्याच्या निधीची तरतूद आहे. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. व्यासपीठावरचा शब्द कागदावर उतरला, हे मोठेच काम आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. आता ऊसतोड्यांच्या नावाने जो कोणी माईक हातात घेईल, त्याला टोळीतल्या आईने एवढेच विचारावे: यंदा टनामागचे किती रुपये जमा झाले, आणि माझ्या लेकीला वसतिगृहात जागा आहे का?