मिटलेली फाइल उघडताना

दिल्लीत टिळक मार्गावरच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वाद संपला, असा आपला समज असतो. पण मिटलेला वाद पुन्हा काढायची वाट तिथेही आहे, फक्त अरुंद. पुनर्विचार याचिका ३० दिवसांत करायची. ती शक्यतो त्याच न्यायमूर्तींपुढे जाते आणि बहुधा त्यांच्या दालनातच, वकिलाच्या युक्तिवादाविना, कागदांवरून निकालात निघते. हरलेला मुद्दा पुन्हा घोळवून चालत नाही. चूक नेमकी कुठे झाली, ते दाखवावं लागतं. पुनर्विचार याचिकाही फेटाळली तर २००२ पासून ‘क्युरेटिव्ह’ याचिकेची सोय आहे. पण तिला ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुनं उकरणाऱ्याने आधी जुनं वाचलेलं असावं, एवढीच ही अपेक्षा. चहाच्या टपरीवर जुना वाद उकरतानाही ती लागू करायला हरकत नाही!

मिटलेले वाद पुन्हा काढण्यावर आक्षेप असा, की मग कुठलाच निकाल कायमचा राहणार नाही. भीती खरी आहे, म्हणून तर वाट अरुंद. पण ती बुजवली तर काय होतं? आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं १९७६ मध्ये पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं. त्यांत यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल रद्दबातल व्हायला २०१७ चा खासगीपणाच्या हक्काचा खटला यावा लागला. तिथे जुन्या निकालाची आधी नीट मांडणी झाली, मग तो चुकीचा ठरवला गेला. ते मुख्य निकालपत्र लिहिलं धनंजय चंद्रचूड यांनी, यशवंतरावांच्या मुलाने.