रणगाड्याची अंकलिपी

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून दुसऱ्या महायुद्धातील अजस्र धुडे पाहावयास मिळतात. पोलाद डोळ्यांत भरते. परंतु ते चालविणाऱ्या कोवळ्या पोरांना कोणी व कसे शिकविले, हा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. शिक्षकांनी तरी तो विचारावा.

१९४३ साली जर्मन सैन्याने ‘टायगर’ रणगाड्यावरील सैनिकांसाठी ‘टायगरफिबेल’ ही पुस्तिका काढली. फिबेल म्हणजे बालकाची पहिली अंकलिपी. सुमारे ५७ टनांचे धूड, ८८ मिलिमीटरची तोफ आणि आत पाच माणसे! देखभालीत हयगय झाली, तर शत्रूवाचूनही हे यंत्र जागीच बसे. रुक्ष नियमावली थकलेला सैनिक वाचणार नाही, हे पुस्तिकेचा कर्ता लेफ्टनंट योजेफ फॉन ग्लाटर-ग्योट्झ याने ओळखले. त्याने धडे यमकांत बांधले, व्यंगचित्रांनी सजविले; प्रसंगी चावटपणाही वर्ज्य मानला नाही. शत्रूची तोफ कोठून व किती अंतरावरून घातक ठरेल, हे त्याने पाकळ्यांच्या पानासारख्या एका आकृतीत दाखविले. अमेरिकेतही विल आइस्नर या चित्रकाराने त्याच युद्धकाळात वाहनांची निगा चित्रकथांतून शिकविली.

ज्ञान सुबोध करणे म्हणजे ते उथळ करणे नव्हे, हा यातील पहिला धडा. दुसरा अधिक गंभीर आहे. ही पुस्तिका हिटलरच्या राजवटीच्या सेवेत होती. तोफ कशी डागावी हे तिने उत्तम शिकविले. ती कोणासाठी डागावयाची, हा प्रश्न मात्र तिच्या पानांत नव्हता. अध्यापनाचे कौशल्य स्वतः नीतिमान नसते. त्याला हेतूची जोड द्यावी लागते.

आपल्याकडे हेतू चांगला असतो, पण कौशल्याची वाण असते. ताम्हिणीच्या घाटातून भरलेला ट्रक उतरविणारा चालक असो की पिकावर विषारी औषध फवारणारा शेतकरी, त्याच्या हाती पडणारा सूचनांचा कागद बहुधा बारीक अक्षरांचा आणि बोजड भाषेचा असतो. तो न वाचणाऱ्यास आपण अडाणी ठरवितो. वस्तुतः दोष लिहिणाऱ्याचा आहे. माणसे मारण्यासाठी जेवढी कल्पकता खर्ची पडली, तेवढी ती वाचविण्यासाठी पडू नये काय? चांगली अंकलिपी लिहिणे हे विद्वानास कमीपणा आणणारे काम नव्हे. ती त्याच्या विद्वत्तेची खरी कसोटी होय.