सोळा ते अठरा : लैंगिक गुन्ह्यातील अल्पवयीन आरोपीचे पुढे काय होते?

वाराणसीत गंगेच्या पैलतीरावर रामनगर आहे. काशीनरेशांचा किल्ला आणि महिनाभर चालणारी रामलीला यांमुळे यात्रेकरूंना ते ठाऊक असते. याच रामनगरात उत्तर प्रदेश शासनाचे किशोरांसाठीचे 'संप्रेक्षण गृह' आहे. महाराष्ट्रात अशा संस्थेला निरीक्षणगृह म्हणतात. वाराणसीतील सतरा वर्षांच्या एखाद्या मुलावर बलात्काराचा आरोप झाला, तर पोलिसांना त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते आणि जामीन मिळाला नाही, तर त्याची रवानगी निरीक्षणगृहात किंवा कायद्याच्या भाषेत 'सुरक्षित स्थळी' होते. मुंबईत हाच प्रवास डोंगरीच्या निरीक्षणगृहाकडे जातो. शब्द बदलतात, कायदा दोन्हीकडे एकच आहे.

असा गुन्हा उजेडात आला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आरोपी अल्पवयीन आहे, म्हणजे तो तीन वर्षांत सुटणार का? २०१६ पूर्वी या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी होकारार्थी होते. आज ते तितके सरळ राहिलेले नाही. काय बदलले हे समजण्यासाठी मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका प्रकरणाकडे पुन्हा पाहावे लागेल.

शक्ती मिल आणि तीन वर्षे

मुंबईतील महालक्ष्मी भागातील बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २२ ऑगस्ट २०१३ रोजी एका छायाचित्र पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्याची वाच्यता झाल्यावर आणखी एक तरुणी पुढे आली. तिच्यावर त्याच आवारात ३१ जुलै रोजी अत्याचार झाला होता. दोन्ही प्रकरणांत प्रत्येकी एक आरोपी अठरा वर्षांखालील होता. प्रौढ आरोपींचा खटला सत्र न्यायालयात वेगाने चालला. मार्च २०१४ मध्ये ते दोषी ठरले आणि ४ एप्रिल २०१४ रोजी दोन्ही गुन्ह्यांत सहभागी असलेल्या तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ती रद्द करून जन्मठेप दिली.

त्याच आवारातील त्याच कृत्यांसाठी दोन अल्पवयीन मुलांचे प्रकरण मात्र बाल न्याय मंडळापुढे होते. मंडळाने जुलै २०१५ मध्ये दोघांनाही दोषी ठरवून तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवले. (बोर्स्टल हे इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या एका गावाचे नाव. तरुण गुन्हेगारांसाठीची पहिली वेगळी संस्था तेथे सुरू झाली आणि गावाचे नाव जगभर अशा संस्थांना चिकटले.) त्या वेळच्या २००० सालच्या कायद्यानुसार तीन वर्षे हीच कमाल मर्यादा होती. गुन्हा चोरीचा असो वा बलात्काराचा, त्यात फरक नव्हता.

फाशी आणि तीन वर्षे यांतील अंतरावर त्या काळी बरेच लिहिले गेले. दुसऱ्या अंतराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्रौढांचा खटला सुमारे सात महिन्यांत निकाली निघाला. मुलांची चौकशी जवळपास दोन वर्षे चालली. कायदा मंडळाला चौकशीसाठी साधारण चार महिन्यांची मुदत देतो. बाल न्यायाची सारी कल्पनाच अशी आहे की, मूल लवकर हाताशी घ्यावे, त्याच्यावर काम करावे आणि त्याला समाजात परत पाठवावे. सतराव्या वर्षी केलेल्या कृत्याचा निर्णय एकोणिसाव्या वर्षी लागत असेल, तर मधल्या काळात नेमके कोणी काय केले, हा प्रश्न शिक्षेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

दिल्लीनंतर बदललेला कायदा

कायदा बदलला तो मात्र दिल्लीच्या प्रकरणामुळे. १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार आणि खून प्रकरणातील एक आरोपी अठरा वर्षे पूर्ण होण्यास काही महिने बाकी असलेला होता. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी त्याला कमाल मर्यादेइतकी, म्हणजे तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. दरम्यान न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा खाली आणण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१४ मध्ये अठरा वर्षांची मर्यादा घटनात्मकदृष्ट्या योग्य ठरवली. तरीही लोकमताचा रेटा कमी झाला नाही. २० डिसेंबर २०१५ रोजी तो मुलगा सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवे विधेयक संमत केले. लोकसभेने ते मे महिन्यातच संमत केलेले होते. १५ जानेवारी २०१६ पासून नवा कायदा अमलात आला. तो पूर्वलक्षी नसल्याने दिल्लीच्या किंवा शक्ती मिलच्या मुलांना तो लागू होण्याचा प्रश्न नव्हता.

नव्या कायद्याने वयोमर्यादा अठराच ठेवली. परंतु सोळा ते अठरा या वयोगटापुरते एक दार उघडले. गुन्हा 'अतिगंभीर' असेल, म्हणजे त्यासाठी किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर अशा मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा काय, याचा निर्णय आधी मंडळाने करायचा. सोळाच्या आतील मुलाला हे दार कोणत्याही गुन्ह्यासाठी बंद आहे.

लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत ही 'किमान सात'ची अट फार निर्णायक ठरते. बलात्काराला भारतीय न्याय संहितेत किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यातही प्रवेशी अत्याचाराला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान दहा आणि पीडित बालक सोळा वर्षांखालील असल्यास किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. हे गुन्हे अर्थातच अतिगंभीर होत. परंतु लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शासाठी त्याच कायद्यात तीन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे असा आरोप असलेला साडेसतरा वर्षांचा मुलगा प्रौढ म्हणून उभा केला जाऊच शकत नाही. त्याचे प्रकरण मंडळापुढेच संपते. ज्या गुन्ह्यांत कमाल शिक्षा मोठी पण किमान शिक्षा ठरलेली नाही, तेही अतिगंभीर नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. पुण्यातील २०२४ च्या पोर्शे मोटार अपघातातील मुलाला प्रौढ ठरवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तिच्या मुळाशी हाच कायदेशीर मुद्दा होता.

तीन महिने आणि तीन प्रश्न

या साऱ्या व्यवस्थेतील कळीची पायरी म्हणजे 'प्राथमिक मूल्यमापन'. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. समाजसेवकांपैकी किमान एक महिला असावी लागते. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत या तिघांनी तीन गोष्टी पाहायच्या : असा गुन्हा करण्याची मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि ज्या परिस्थितीत गुन्हा घडल्याचे म्हटले जाते ती परिस्थिती. हा खटला नव्हे, असे कायदा स्वतःच बजावतो. गुन्हा त्या मुलाने केला की नाही, हे अद्याप सिद्ध झालेले नसते. तरीही गुन्हा 'घडला असे मानून' त्या वेळच्या त्याच्या मनाचा अंदाज बांधायचा असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण कायद्यातील सर्वांत डळमळीत जागा हीच आहे. आज समोर बसलेल्या मुलाची बुद्धी मोजता येते. काही आठवड्यांपूर्वीच्या एका संध्याकाळी त्याला काय उमगत होते, हे मोजण्याची खात्रीशीर चाचणी कोणाकडेही नाही.

ही अडचण न्यायालयांच्याही ध्यानात आली आहे. गुरुग्राम येथील एका शाळेत २०१७ मध्ये सात वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला होता. त्या प्रकरणात १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गुन्हा करण्याची क्षमता आणि परिणामांची जाण या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि परिणाम म्हणजे केवळ तात्कालिक परिणाम नव्हेत. पीडिताच्या कुटुंबावर होणारे आणि स्वतःच्या आयुष्यावर होणारे दूरचे परिणामही त्यात येतात. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असेही न्यायालयाने ठरवले. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मे २०२४ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत सक्तीची नसून मार्गदर्शक असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे मूल्यमापन घाईने उरकण्याचा धोका कमी झाला, रेंगाळण्याचा वाढला.

मूल्यमापनानंतर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा असे मंडळाचे मत झाले, तर प्रकरण सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या 'बाल न्यायालया'कडे जाते. तेथे प्रश्न पुन्हा स्वतंत्रपणे तपासला जातो. दोषी ठरल्यास तीन वर्षांहून अधिक शिक्षा होऊ शकते. मात्र फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित स्थळी ठेवले जाते. त्यानंतर तो कितपत सुधारला हे पाहून त्याला अटींवर सोडायचे की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचे, हे न्यायालय ठरवते. मंडळापुढेच ज्याचे प्रकरण संपते, त्याच्या दोषसिद्धीचा डाग पुढे नोकरी वा निवडणुकीच्या आड येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट केल्या जातात. प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्याला ही सवलत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत चौदा वर्षांच्या मुलाचे नावही लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत जाऊ शकते. आपल्या कायद्याने ती वाट धरलेली नाही.

वयाचा कागद

अर्थात हे सर्व मुलाचे वय ठरल्यानंतरचे. सोळा आणि अठरा या दोन रेषांवर इतके अवलंबून असल्याने वयाच्या कागदावरच पुष्कळदा पहिली लढाई होते. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला आणि तोही नसल्यास हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. महाराष्ट्रात गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी घातलेली १ जून ही जन्मतारीख किती जणांच्या दाखल्यावर आहे, हे सांगायला नको. अशाच एका तारखेवर एखादा मुलगा कायद्याच्या या बाजूला की त्या बाजूला, हे ठरू शकते. जम्मूतील कठुआ प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परस्परविसंगत कागदपत्रे बाजूला सारून वैद्यकीय अहवालाच्या आधारे एका आरोपीला प्रौढ ठरवले, तेही घटनेनंतर चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.

दोन्हीकडे मुलेच

अल्पवयीन आरोपीच्या अनेक प्रकरणांत पीडितही बालकच असते : शेजारची मुलगी, नात्यातला लहान मुलगा, शाळेतील सोबती. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसाठी हाच कायदा जिल्ह्यात वेगळी बाल कल्याण समिती देतो. पॉक्सोच्या विशेष न्यायालयात पीडित बालकाला आरोपी दिसू नये, त्याला वारंवार बोलावले जाऊ नये, भरपाई मिळावी, अशा तपशीलवार तरतुदी आहेत. परंतु आरोपी अल्पवयीन असला की प्रकरण त्या न्यायालयातून मंडळाकडे येते, आणि मंडळाची घडण आरोपी मुलाला केंद्रस्थानी ठेवून झालेली आहे. अत्याचार करणाऱ्याचे वय सतरा होते म्हणून सोसणाऱ्या बालकाचा त्रास कमी होत नाही. बंदिस्त कामकाज, साहाय्यक व्यक्ती आणि अंतरिम भरपाई या गोष्टी मंडळापुढेही तितक्याच आग्रहाने मागायला हव्यात. पीडिताच्या पालकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास मोफत वकील मिळू शकतो.

याच चौकटीत आणखी एक वेगळाच वर्ग अडकतो. संमतीचे वय पूर्वी सोळा होते. २०१२-१३ मधील कायद्यांनी ते अठरा केले. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी परस्परसंमतीने संबंध ठेवले, तरी मुलीच्या घरच्यांच्या तक्रारीवरून मुलावर तोच अतिगंभीर गुन्हा दाखल होतो, जो जबरदस्ती करणाऱ्यावर होतो. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील २८३ व्या अहवालात वय खाली आणू नये, परंतु सोळा ते अठरा वयोगटातील अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला तारतम्य वापरता यावे, अशी शिफारस केली.

जबरदस्तीचे प्रकरण कोणते आणि पळून गेलेल्या जोडीचे कोणते, हे प्राथमिक माहिती अहवालातील कलमांवरून कळत नाही. ते कळण्याची जागा म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याने तयार करायचा सामाजिक तपासणी अहवाल. त्यासाठी अधिकाऱ्याला मुलाच्या घरी, शाळेत, वस्तीत जावे लागते. घरात मारहाण होती का, मुलावर पूर्वी कोणी अत्याचार केला होता का, शाळा केव्हा सुटली, सोबत कोण होते, अशा बाबी त्यात नोंदवायच्या असतात. मंडळाचे मूल्यमापन, जामिनाचा निर्णय आणि पुढील समुपदेशन या तिन्हींचा पाया हाच अहवाल असतो. रामनगर असो वा डोंगरी, आपल्या मुलाचे किंवा आपल्या मुलीच्या आरोपीचे प्रकरण मंडळापुढे असलेल्या पालकांनी पहिल्याच तारखेला विचारावा असा प्रश्न हा : अहवाल कोण तयार करणार आहे, आणि तो अधिकारी घरी केव्हा येणार?