वेदनेची जबानी

विदर्भातील एका जिल्हा रुग्णालयात सिकलसेलसाठी आठवड्याचा एक वार मुक्रर केलेला आहे, आणि त्या वारी ओपीडीच्या बाकावर नुसते बसून राहिले तरी हळूहळू ध्यानात येते की येथे रोगी हा वैद्याहून जुना असतो. विशीतला तरुण घड्या पडून विरलेला केसपेपर टेबलावर ठेवतो, तेव्हा त्यावर सह्या करणारे किती साहेब बदलीवर गेले हे त्यालाच ठाऊक असते. समोर नुकतेच रुजू झालेले डॉक्टर मात्र त्याची कैफियत प्रथमच ऐकत असतात.

ही कैफियत शाबीत करणे मोठे कठीण. प्राणवायू कमी पडला की सदोष हिमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि केशवाहिन्यांत अडकून रक्ताची वाट रोखतात. 120 दिवस जगावयाची पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते, हे सर्व पुस्तकात आहे. परंतु त्या अवरोधातून हाडांत जी कळ उठते, तिचे माप घेणारे यंत्र नाही. त्यातच लहानपणापासून कळा सोसलेली ही मुले ओरडत नाहीत; मोबाइल पाहत निमूट पडून राहतात, आणि त्या निमूटपणामुळेच रात्रपाळीच्या डॉक्टरांस शंका येते, की दुखणे खरे की इंजेक्शनची चटक? रोगी आणि डॉक्टर यांच्या नात्यातले पुष्कळसे बिघाड, मला वाटते, या एका शंकेतून उद्भवतात. कारण ज्याची जबानी एकदा खोटी ठरली, तो पुढल्या खेपेस कळ असह्य होईतो घरीच पडून राहतो, आणि या व्याधीत विलंब प्राणावर बेतू शकतो.

अर्थात तरुणही साळसूद नसतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घ्यावे लागते. बरे वाटू लागले की ते सुटते.

‘‘घेतोस ना रे रोज?’’

‘‘हो मॅडम.’’

‘‘पाकीट दाखव बरं.’’

पाकीट भरलेलेच निघते. समुपदेशिका रागावत नाहीत, नुसत्या थांबतात. मग वसतिगृहातली खरी हकिकत बाहेर येते : ‘‘रूमवर पोरं विचारतेत, कायची गोळी खातो म्हणून.’’ मुलींच्या बाबतीत त्या आईला काही निमित्ताने बाहेर धाडतात, आणि दार लोटले गेले की, ज्याच्याशी लग्नाचे बोलणे चालले आहे तो वाहक निघाला तर काय, हा प्रश्न येतो. प्रत्येक गरोदरपणात अपत्य पीडित असण्याची शक्यता निम्मी, हे उत्तर त्या न चाचरता देतात. पुढचा निर्णय तिचा.

2016 च्या कायद्याने या व्याधीस दिव्यांगत्वात स्थान दिले आणि 2023 साली राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले, तेव्हापासून तपासणी वाढली हे खरे. पण दाखल्यासाठी टक्केवारी ठरवताना तीच अदृश्य वेदना पुन्हा पुराव्यानिशी मांडावी लागते, हा विचित्र शिरस्ताच म्हणावा.

रोग्याच्या जबानीवर विश्वास न बसण्याच्या या अडचणीवर बालरोग विभागातील एका डॉक्टरांनी आपल्यापुरता तोडगा काढला आहे. मूल मोठे होऊन पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या वॉर्डात जाण्याची वेळ आली की, कोणत्या औषधाने आणि किती मात्रेने कळ उतरते, सलाईन कोणत्या हाताला सहज लागते, हा तपशील ते त्याच्याच तोंडून वदवून घेऊन केसपेपरावर टिपतात, आणि खाली सहीशिक्का करतात. पुढल्या वॉर्डात जबानीपेक्षा शिक्का लवकर वाचला जातो, असे ते म्हणतात.