उपग्रहचित्रातले विमान ओळखता येते, मोहाखालचे शेत?

मोबाइलवरच्या नकाशात ‘उपग्रह’ हा पर्याय निवडला, की एटापल्ली तालुका आधी एकाच हिरव्या रंगाचा दिसतो. चित्र मोठे करत गेले, की त्या हिरव्यातून आलापल्लीकडून येणारा रस्ता, धानाच्या बांध्या, घरांची छपरे आणि सुरजागडच्या डोंगरावरचा खाणीचा तांबूस भाग वेगळा होऊ लागतो. आणखी दक्षिणेला सरकले, की भामरागडजवळ पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळताना दिसतात. २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ आणि २००९ मध्ये ‘इस्रो’चे ‘भुवन’ सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून अशी चित्रे न्याहाळणे हा जगभरात अनेकांचा छंद झाला आहे. कुणी विमाने शोधतो, कुणी जुने किल्ले, कुणी नदीने सोडलेले पात्र.

छंद साधा आहे, पण त्यात लागणारे कौशल्य साधे नाही. गडचिरोलीत तेच कौशल्य वणव्याची जागा हुडकायला आणि वनहक्काचा दावा तपासायलाही लागते. छंदात चित्र चुकीचे वाचले तर फार तर हसे होते. दाव्यात चुकीचे वाचले, तर एखाद्या कुटुंबाची कसती जमीन कागदावर जंगल ठरू शकते.

आधी मोजमाप, मग नाव

सरावासाठी नागपूरचा विमानतळ सोयीचा आहे. तिथे १९९१ मध्ये उतरलेले एक बोइंग ७२० विमान पुन्हा उडालेच नाही. दोन दशकांहून अधिक काळ ते उभे होते आणि २०१५ मध्ये धावपट्टीपासून दूर हलवण्यात आले. संगणकावरच्या ‘गूगल अर्थ’मध्ये जुन्या तारखांची चित्रे पाहता येतात. त्यामुळे अशा न हलणाऱ्या विमानाचा माग वर्षानुवर्षांच्या चित्रांत काढता येतो.

विमानावरचे नाव वरून वाचता येत नाही. म्हणून अनुभवी छंदिष्ट आधी मोजपट्टीचे साधन उघडतात. बोइंग ७२० च्या पंखांचा विस्तार सुमारे ४० मीटर, पंख मागे झुकलेले आणि इंजिने चार. आज देशांतर्गत मार्गांवर नेहमी दिसणाऱ्या एअरबस ए ३२० किंवा बोइंग ७३७ ला दोनच इंजिने असतात आणि विस्तार ३५ मीटरच्या आसपास. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-३०० ईआर चा विस्तार ६५ मीटरच्या जवळ जातो. आकार, आकारमान, सावली, रंगछटा, पोत आणि आजूबाजूचा संदर्भ या सहा गोष्टी क्रमाने तपासल्या, की अंदाजाला आधार मिळतो.

यात सावली फार बोलकी असते. उभ्या विमानाची सावली त्याला चिकटून असते, उडत्या विमानाची सावली दूर पडलेली असते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल, तर सपाट जमिनीवरील सावलीची लांबी वस्तूच्या उंचीइतकीच भरते. टॉवर किंवा पाण्याची टाकी केवढी उंच आहे, हे अशाच सावलीवरून काढतात.

तीन रंगांचे विमान

कधी कधी रानावर एकाच विमानाच्या निळ्या, हिरव्या आणि तांबड्या अशा तीन आकृत्या ओळीने दिसतात. चित्र बिघडलेले नसते. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘सेंटिनेल-२’ उपग्रह प्रत्येक रंगाची नोंद एकाच क्षणी घेत नाहीत. निळ्यानंतर सुमारे अर्ध्या सेकंदाने हिरवा आणि सुमारे एका सेकंदाने तांबडा रंग टिपला जातो. डोंगर, झाड, घर जागचे हलत नाही, म्हणून त्यांचे तिन्ही रंग एकमेकांवर नेमके बसतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान मात्र एका सेकंदात २५० मीटर पुढे गेलेले असते. या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा असल्याने विमानाचा तांबडा आकार निळ्यापासून सुमारे २५ ठिपके दूर उमटतो.

दोन रंगांमधले अंतर मोजून विमानाच्या वेगाचा अंदाज बांधता येतो. विमान जमिनीपासून दहा किलोमीटर उंच असल्याने उपग्रहाच्या बदलत्या कोनामुळेही त्याची आकृती थोडी सरकते. नेमका आकडा हवा असेल तर ही वजावट करावी लागते.

डोंगराची दरी का दिसते?

दुसरी फसगत उपग्रहाची नसून मेंदूची असते. प्रकाश वरून येतो, असे आपला मेंदू गृहीत धरतो. नकाशात उत्तर दिशा वर असते. हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात आणि हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. म्हणजे चित्रात प्रकाश खालच्या उजव्या कोपऱ्यातून येतो आणि सावल्या वरच्या बाजूला पडतात. मेंदू त्याचा उलटा अर्थ लावतो. सुरजागडसारख्या डोंगराळ भागात मग नाले उंच वरंब्यांसारखे आणि डोंगराची धार दरीसारखी भासू शकते.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात २००६ मध्ये ‘गूगल अर्थ’वर सापडलेला माणसाचा ‘चेहरा’ जगभर गाजला. तो उंचवट्यासारखा दिसत असला, तरी प्रत्यक्षात पाण्याने कोरलेला खोलगट भाग आहे. यावरचा उपाय सोपा आहे. चित्र फिरवून दक्षिण दिशा वर आणावी. बहुतेकांना डोंगर लगेच डोंगरासारखा दिसू लागतो. तरीही शंका राहिली तर पाणी शोधावे, कारण नदी धारेवरून वाहत नाही.

पानगळ म्हणजे तोड नव्हे

चित्राची तारीख न पाहता काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो. आलापल्ली-एटापल्लीच्या रानात सागवान भरपूर आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची पाने गळतात आणि ऑक्टोबरमध्ये गर्द दिसलेला तोच पट्टा एप्रिलमध्ये तपकिरी होतो. दोन चित्रे शेजारी ठेवणाऱ्याला हजारो झाडे तोडली गेल्यासारखी वाटतात. खरी तुलना करायची तर वेगवेगळ्या वर्षांतला एकच महिना घ्यावा लागतो. तोड किंवा खाणकाम असेल तर पावसाळ्यानंतरही ती जागा हिरवी होत नाही. खाणीच्या कडा सरळ किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात आणि तिच्यापर्यंत रस्ता गेलेला दिसतो.

पावसाळ्यात ढगांमुळे नेहमीची चित्रे निरुपयोगी ठरतात. पुरात भामरागडचा संपर्क तुटतो तेव्हा ढगांच्या पलीकडचे पाहू शकणारा रडार उपग्रह कामी येतो. २०१४ पासून सुरू झालेली ‘सेंटिनेल-१’ मालिका याच प्रकारची आहे.

वणव्याच्या सूचनेलाही हीच सावधगिरी लागते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या उष्णतेवरून आगीच्या सूचना पाठवते. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या हंगामात त्यांना विशेष महत्त्व येते. मात्र यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘व्हिअर्स’ या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, तर जुन्या ‘मोडिस’चा एक किलोमीटरचा. नकाशावरची लाल खूण म्हणजे आगीचे नेमके ठिकाण नव्हे. आग त्या चौकोनात कुठेतरी आहे, एवढेच ती सांगते. पायवाटा ठाऊक असलेला गावकरीच तिथपर्यंत लवकर पोहोचतो.

मोहाखालचे शेत

वनहक्क कायदा २००६ चा. वैयक्तिक दाव्यासाठी आदिवासी कुटुंबाचा जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. त्या काळच्या उपग्रहचित्रावरून हे तपासण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका ३० मीटरचा. म्हणजे एक एकर शेत जेमतेम साडेचार ठिपक्यांत संपते.

त्यातही इथला शेतकरी मोहाचे झाड तोडत नाही. बांधीच्या कडेला, कधी मधोमध मोह उभा असतो. त्याच्या पसरलेल्या शेंड्याखाली धान पिकते, पण वरून पाहणाऱ्याला झाडोराच दिसतो. डिसेंबरमध्ये धान कापून झालेले असल्याने उरलेली जमीन पडीक वाटते. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येतही किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल, तर मालकी कुणाचीही असो, ते ‘वनाच्छादन’ म्हणून मोजले जाते. ही व्याख्या झाडे मोजण्यासाठी आहे, जमीन कोण कसतो हे ठरवण्यासाठी नाही.

म्हणूनच २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की उपग्रहचित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतात, पण त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. जाणत्या माणसांचे निवेदन, जुने बांध, विहिरी, देवस्थाने, स्मशाने हेही पुरावेच आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा जंगलाची हद्द नाला, टेकडी, जुनी वाट यांवरून गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. उपग्रहचित्रावर ती रेघ काढता येते, पण कुठून काढायची हे गावच सांगते.

मोझांबिकमधील माबू पर्वतावरचे मोठे वर्षावन २००५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ज्युलियन बेलिस यांनी ‘गूगल अर्थ’वर हेरले. पुढच्या मोहिमांत तिथे विज्ञानाला अज्ञात असलेल्या प्रजाती मिळाल्या. पण पायथ्याच्या लोकांना ते रान नवे नव्हते. यादवी युद्धाच्या काळात त्यांनी तिथेच आसरा घेतला होता.

करून पाहावे असे

हा छंद सुरू करायला संगणक आणि इंटरनेट पुरेसे आहे. सुरुवात स्वतःच्या गावापासून करावी. आधी चित्राची तारीख पाहावी, मग सावलीची दिशा, मग मोजमाप, आणि नाव सर्वांत शेवटी द्यावे. तलाव ओळखण्याची एक सोपी खूण आहे: माणसाने बांधलेल्या तलावाची पाळ एका बाजूला सरळ असते आणि उरलेला काठ वेडावाकडा. ओळखलेली जागा घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवावी. त्यांच्या बोलण्यातून नकाशात नसलेली नावे मिळतात. पोलिसांची किंवा सुरक्षा दलांची ठाणी आणि हेलिपॅड नजरेस पडले, तर त्यांच्या खुणा करून पसरवू नयेत, विशेषतः एटापल्लीसारख्या भागात. आणि शंका आलेली जागा चालत जाण्याइतकी जवळ असेल, तर एकदा जाऊन पाहावी.