तापलेला घोडा आणि बर्फाचं पाणी

पी.टी.च्या तासाला मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की अंग कसं तापतं! मग 500 किलोंच्या घोड्याचं काय होत असेल? धावताना त्याचे स्नायू जी शक्ती खर्च करतात, त्यातली जेमतेम पाव हिस्सा पळण्याच्या कामी येते. बाकीची सारी उष्णता! ती घालवायला घोडा तासाला 10 ते 15 लिटर, म्हणजे बादलीभर घाम गाळतो. पण दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. अशा वेळी घोडा कोसळतो, प्रसंगी दगावतोही.

1996 चं ऑलिंपिक अमेरिकेत अटलांटाला होतं, तेही ऐन दमट उन्हाळ्यात. घोड्यांचं कसं व्हायचं? तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की स्नायू आखडतात, असा जुन्या जाणकारांचा समज. शास्त्रज्ञांनी आधीच प्रयोग करून पाहिले. बर्फाच्या पाण्याने घोड्याला भिजवायचं, थोडं चालवायचं, पुन्हा भिजवायचं. स्नायू काही आखडले नाहीत, अंग मात्र झरझर निवलं! अटलांटात मग तुषार उडवणारे पंखे लावले, विश्रांती वाढवली, अंतर कमी केलं आणि स्पर्धा पार पडली.

आणि हो, घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट बरं का! तबेल्यात मिठाचा खडा ठेवतात तो कशासाठी, हे आता आईबाबांना तुम्हीच सांगा.