बालकांची पादत्राणे : निवड कशी करावी?

बालरुग्ण विभागात येणाऱ्या पालकांच्या माहितीसाठी हे टिपण देत आहोत. कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची आपली रीत काटकसरीची असली, तरी ती पादत्राणांना लागू करू नये. सैल बुटात पाऊल सरकते व मूल अडखळते. घट्ट बूट अधिक अपायकारक असतो. बालवयात पावलांतील हाडे बरीचशी कूर्चेचीच असल्याने ती दाबली गेली तरी मूल तक्रार करीलच असे नाही.

मूल चालू लागेपर्यंत बुटांची आवश्यकता नसते; घरात अनवाणी चालणे हितावहच आहे. खरेदीपूर्वी बालकास कागदावर उभे करून दोन्ही पावलांची बाह्यरेखा काढावी व मोठ्या पावलाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा असावी. बुटाचा पुढचा भाग रुंद, तळ चवड्यापाशी वाकणारा व टाच मजबूत असावी. पहिली काही वर्षे दर २-३ महिन्यांनी माप तपासावे.

थोरल्या भावंडाचे झिजलेले बूट धाकट्यास देऊ नयेत. ते पहिल्या पावलाच्या ठेवणीप्रमाणे वळलेले असतात. पादत्राणे दान करू इच्छिणाऱ्या दात्यांनीही प्रथम मुलाचे माप मागवावे व नवीच द्यावीत, ही नम्र विनंती.